हजेरी

माझगावला, गोदीच्या भिंतीआड, बारा फूट पाणी.
निळ्या फरश्या, क्लोरीन, तळाशी कुणाचं तरी लॉकेट;
दोन तुकड्या येऊन गेल्या, कुणी काढलं नाही.
इथे मी समुद्र शिकवतो.

पोरं येतात जालन्याहून, मंगळवेढ्याहून,
विहिरीत पोहलेली, कालव्यात म्हशींबरोबर डुंबलेली.
उद्धव खिल्लारे म्हणाला, सर, मी फक्त बादलीतलं बघितलंय.
सगळे हसले.
मी त्याला पुढच्या रांगेत घेतलं.

एक हात नाकावर, दुसरा जॅकेटच्या गळ्यावर, दाबून.
पाय जोडून. नजर समोरच्या घड्याळाकडे.
खाली बघितलंत तर तोंडावर पडाल,
आणि जहाजाचा कठडा या फळीच्या चौपट उंच असतो.
सात आखूड भोंगे, एक लांब:
संडासात बसला असाल तरी उठायचं.

तराफा उलटा पडला तर सिलिंडरवर उभे राहा,
पट्टा धरा, मागे झोकून द्या,
उधळल्या बैलाचा कासरा ओढता तसे.
तो अंगावर पडेल. पडू द्या.
खाली थोडी हवा असते, हातांनी चाचपत बाहेर या.
पहिले चोवीस तास पिण्याचं पाणी
जखमी सोडून कुणालाच नाही.
हे ते वहीत लिहून घेतात.
परीक्षेत येतं.

जे येत नाही ते असं:
इंजिनात आग लागली तेव्हा आम्ही बंदराबाहेर नांगर टाकून होतो,
चार दिवस, धक्का मिळायची वाट बघत.
कुलाब्याचे दिवे दिसत होते.
मुनाफ हुर्जूकच्या मोबाइलला रेंजसुद्धा होती,
जेवताना त्याने घरी विचारलं होतं, नळाला पाणी आलं का.
मी सारंग. होडीपाशी मोजणी माझी.
बावीस माणसं.
मोजली, एकवीस.
धुरात पुन्हा मोजली, एकवीस.
भंडारी दिसेना, बस्त्याव लोपीस.
मुनाफ माझ्या सगळ्यांत जवळ उभा होता, एवढंच कारण.
जा, भंडारखान्यात बघून ये.
चार शब्द.

बस्त्याव होडीत बसलेला होता.
केव्हाचा. पट्टा आवळून, कोपऱ्यात.
मी नाव पुकारलं ते त्याने ऐकलंही होतं,
घशातून आवाजच निघेना, म्हणाला नंतर.
आता वसईला असतो. नाताळला डबा पाठवतो.
मी खातो.

तर बावीस झाले,
आणि मग पुन्हा एकवीस.

म्हणून माझ्या तलावात
बुडणाऱ्यापेक्षा गप्प राहणाऱ्याला जास्त शिव्या पडतात.
डोकं वर आलं की आधी श्वास नाही,
आधी ‘हजर’.
ऑफिसने एकदा लेखी विचारलं,
परकार, हे कुठल्या नियमात बसतं?
कागद कपाटात आहे. उत्तर द्यायचं राहिलंय.

आज उद्धवने उडी मारली.
नजर घड्याळावर, पाय मात्र फाकलेले.
पाणी त्याच्यावर मिटलं.
जॅकेटने वर फेकला त्याला, नारिंगी, तोंड उघडं,
शब्द नाही.
खिल्लारे.
काटा सरकला.
खिल्लारे!
मागच्या रांगेतून कुणीतरी, कॉलेजात लावतात तशी,
त्याची हजेरी लावली: हजर सर!

त्या पोराला मी अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी फाटकाबाहेर काढलं.
काय बोललो आठवत नाही,
पहारेकरी स्टुलावरून उठून उभा राहिला होता.

परत आलो तर उद्धव शिडीला धरून,
ओकून झालेला, नाकपुड्या लाल.
आहे, म्हणाला.
आहे ना सर.

शब्द चुकीचा होता.
मी वहीत खूण केली.